एनएफएल ड्राफ्ट पहिल्यांदा बघताय? एकच टीम धरा आणि तिच्या पिक्सचा माग काढा

एप्रिल आला की इकडे ह्युस्टनमध्ये ऑफिसात, जिममध्ये, मुलांच्या सॉकर प्रॅक्टिसला बाहेर उभे असलेल्या बाबा लोकांत, सगळीकडे ड्राफ्ट ड्राफ्ट सुरू होतं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये कॉलेजची पोरं निवडायचा कार्यक्रम, आणि आपल्यातले जे नुकतेच आलेत त्यांचा एकच प्रश्न असतो, की मॅच एकवेळ समजून घेऊ पण हे काय आहे, कोणी खेळत नाही, एक सूटवाला माणूस स्टेजवर येऊन कॉलेजच्या पोराचं नाव वाचतो आणि लाखो लोक ते टीव्हीवर बघतात, त्या पोराची आई रडते, अख्खं खानदान मिठ्या मारतं. मला स्वतःला मॅचपेक्षा ड्राफ्ट जास्त आवडतो आणि नवीन माणसाला ह्या खेळात शिरायचं असेल तर हाच दरवाजा सगळ्यात चांगला आहे असं मी मनापासून सांगेन. फक्त बघायची एक पद्धत लागते, ती खाली सांगतोय.

पद्धत अशी की अडीचशे नावं पाठ करायच्या भानगडीत पडायचंच नाही. एक टीम धरायची आणि तिच्याकडे कुठले पिक्स, म्हणजे खेळाडू निवडायचे नंबर, आहेत, ते कुठून आले, कुठे गेले, एवढंच बघत राहायचं. बाकीचं हळूहळू आपोआप कळतं. मी इथे ह्युस्टन टेक्सन्सचा २०२३ चा ड्राफ्ट घेतोय, कारण आमच्या गावची टीम आहे हे तर झालंच, पण त्या एका ड्राफ्टमध्ये शिकण्यासारखं जवळपास सगळं घडलं.

आधी मूळ गोष्ट

टीम्स ३२, राउंड ७. प्रत्येक राउंडमध्ये प्रत्येक टीमला एक नंबर, नंबर आला की उरलेल्या पोरांपैकी कोणीही एक उचला. ज्याला उचललं त्याच्याशी करार करायचा हक्क फक्त त्याच टीमचा, मग त्या पोराला ते शहर आवडो न आवडो. आपल्याकडचे लोक पहिल्यांदा आयपीएलच्या ऑक्शनसारखं बघायला जातात आणि तिथेच गोंधळतात, कारण इथे बोली नाही, पॅडल नाही, पर्समध्ये किती उरले वगैरे काही नाही, इथे चलन म्हणजे तुमचा नंबर.

आणि नंबर उलटा लागतो, जी टीम सगळ्यात वाईट खेळली ती सगळ्यात आधी. ही कल्पना बर्ट बेल ह्यांची, फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते, त्यांचं म्हणणं असं की चांगले खेळाडू सारखे त्याच त्याच श्रीमंत टीम्सकडे जातात आणि आमच्यासारखे वर येऊच शकत नाहीत. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात एका हॉटेलात झाला आणि त्यात पहिल्या नंबरवर निवडलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही! म्हणजे पहिला नंबर घेतला की काम झालं असं नसतं, हे तेव्हापासूनच आहे.

मग सीझन संपताना टेबलच्या तळाकडे बघायला शिका

नंबरांचा हिशोब सोपा आहे. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, न गेलेल्या १८ टीम्सना १ ते १८, रेकॉर्ड जितका खराब तितका नंबर वरचा. मग प्लेऑफमधून जे जसे बाहेर पडत जातात तसे पुढचे नंबर, सुपर बोल म्हणजे फायनल हरणारा ३१ आणि जिंकणारा ३२. दोन टीम्सचा रेकॉर्ड सारखा असेल तर ज्यांच्या समोरच्या टीम्स सोप्या होत्या त्यांना आधीचा नंबर, कारण सोप्या टीम्सशी खेळूनही हरले म्हणजे खरंच गरज आहे.

आता टेक्सन्सचं बघा. ८ जानेवारी २०२३, सीझनची शेवटची मॅच, इंडियानापोलिसला कोल्ट्सविरुद्ध. टेक्सन्स तोपर्यंत फक्त २ मॅच जिंकलेले. ही हरले असते तर पहिला नंबर पक्का होता. पण शेवटचं मिनिटही उरलेलं नसताना, चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, जायचंय २० यार्ड, डेव्हिस मिल्सने बॉल लांब फेकला आणि जॉर्डन एकिन्सने टचडाउन पकडला, वर दोन पॉइंटचा धोका पत्करला तोही जमला, ३२-३१. जिंकले! आणि ह्युस्टनमध्ये लोकांनी डोकं धरलं, कारण ३-१३-१ (३ जिंकले, १३ हरले, १ बरोबरीत) झाल्यामुळे ३-१४ वाल्या शिकागो बेअर्सना पहिला नंबर गेला. कोच लव्ही स्मिथ ह्यांना त्याच रात्री काढलं. खेळाडूंना ह्याचा दोष देऊ नका असं मला नेहमी वाटतं, मैदानावरचा माणूस पुढच्या वर्षीच्या नंबरसाठी हरत नाही आणि हरूही नये, पण फॅनची घालमेल कशी असते ते ह्या एका मॅचवरून कळतं.

बेअर्सनी तो पहिला नंबर स्वतः वापरलाच नाही, कॅरोलायना पँथर्सना दिला, बदल्यात रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) डीजे मूर, त्या वर्षीचे ९ आणि ६१ नंबर, २०२४ चा पहिल्या राउंडचा पिक आणि २०२५ चा दुसऱ्या राउंडचा. हा २०२४ चा पिक लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

सगळ्यात मजेचा भाग: एका पिकचा प्रवास

इथे वेळ घालवा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की ड्राफ्ट बसला.

पिक विकता येतो, ह्या वर्षीचाच नाही तर पुढच्या वर्षांचाही. टेक्सन्सनी मार्च २०२२ मध्ये आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) डीशॉन वॉटसन क्लीव्हलँड ब्राउन्सना दिला होता आणि बदल्यात तीन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक्स घेतले, वर आणखी काही. त्यातला २०२३ चा पिक १२ नंबरवर आला. म्हणजे ड्राफ्टच्या रात्री टेक्सन्सच्या हातात स्वतःचा २ आणि ब्राउन्सचा १२.

पँथर्सनी १ नंबरवर अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला. टेक्सन्स २ नंबरला क्वार्टरबॅक घेणारच नाहीत अशी जोरदार चर्चा होती, त्यांनी ओहायो स्टेटचा सीजे स्ट्राउड घेतला. ३ नंबर ॲरिझोना कार्डिनल्सचा. आणि स्क्रीनवर दिसलं की ट्रेड झाला, परत टेक्सन्स! लागोपाठ दुसरा पिक, अलाबामाचा पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) विल अँडरसन ज्युनियर. इथल्या बारमध्ये काय आरडाओरडा झाला असेल त्याची कल्पना करा.

किंमत काय मोजली? १२ नंबर, ३३ नंबर, २०२४ चा स्वतःचा पहिल्या राउंडचा पिक आणि २०२४ चाच तिसऱ्या राउंडचा. परत मिळालं ३ नंबर आणि चौथ्या राउंडमधला १०५.

हे महाग की स्वस्त ते बघायला एक तक्ता वापरतात, १९९० च्या सुमारास डॅलस काउबॉइजमध्ये जिमी जॉन्सन कोच असताना बनलेला. त्यात प्रत्येक नंबरला पॉइंट. १ नंबरला ३०००, ३ नंबरला २२००, १२ ला १२००, ३३ ला ५८०. म्हणजे १२ आणि ३३ मिळून १७८०, ३ नंबरसाठी ४२० कमी पडतात, ते भरायला टेक्सन्सनी पुढच्या वर्षीचे दोन पिक दिले. पुढच्या वर्षीचा पिक कितवा येणार कोणालाच माहीत नसतं, म्हणून खरा जुगार तिथे असतो. आता टीम्सकडे स्वतःचे नवीन तक्ते आहेत आणि ते जुन्यापेक्षा वेगळे आकडे देतात, पण नवीन माणसाला हा जुना पुरेसा आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता तो १२ नंबर पुढे कुठे गेला? कार्डिनल्सनी त्याच रात्री तो डेट्रॉइट लायन्सना देऊन ६ नंबरवर उडी मारली आणि ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा) पॅरिस जॉन्सन ज्युनियर घेतला. लायन्सनी १२ वर रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) जमीर गिब्स घेतला, लोक म्हणाले रनिंग बॅक इतक्या वर कोण घेतं, आणि तो पुढे लीगमधल्या सगळ्यात स्फोटक खेळाडूंपैकी एक निघाला. म्हणजे एकच पिक, ब्राउन्स, टेक्सन्स, कार्डिनल्स, लायन्स, चार हात फिरला. ३३ चं तर अजून भारी, कार्डिनल्सनी तो टेनेसी टायटन्सना दिला, जे टेक्सन्सच्याच डिव्हिजनमधले, म्हणजे गटातले, आणि त्यांनी त्यावर क्वार्टरबॅक विल लेव्हिस घेतला. म्हणजे आपण विकलेल्या पिकवर शेजारच्याने आपल्याविरुद्ध खेळवायला क्वार्टरबॅक घेतला.

आणि पुढच्या वर्षीचा जुगार? टेक्सन्स ३-१३-१ वरून एका वर्षात १०-७ झाले, डिव्हिजन जिंकले, त्यामुळे कार्डिनल्सना दिलेला पिक २७ नंबरवर घसरला. उलट पँथर्स २-१५ वर गेले, त्यामुळे त्यांनी बेअर्सना दिलेला तो २०२४ चा पिक थेट १ नंबर झाला आणि बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स घेतला. दोन्ही टीम्सनी एकाच वर्षी पुढचा पहिल्या राउंडचा पिक दिला, एकाला सुटला, दुसऱ्याला भोवला.

तुम्ही धरलेल्या टीमचं एवढंच करा, एका कागदावर तिचे सगळे पिक लिहा, आणि कुठला दुसऱ्याकडून आलाय, कुठला गेलाय त्यापुढे टीमचं नाव. राउंड ३ ते ७ च्या शेवटी काही जादा पिक दिसतील, ते कॉम्पेन्सेटरी, आदल्या वर्षी ज्यांचे चांगले फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) जास्त गेले त्यांना भरपाई म्हणून मिळतात. आणि काही वेळा मायनॉरिटी समाजातला आपला असिस्टंट कोच किंवा अधिकारी दुसऱ्या टीमने हेड कोच किंवा जनरल मॅनेजर म्हणून नेला तरी तिसऱ्या राउंडचे मिळतात.

पोरांची माहिती कधी आणि किती घ्यायची

हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेली असली की पोरगा ड्राफ्टला येऊ शकतो. मॉरिस क्लॅरेट नावाचा ओहायो स्टेटचा रनिंग बॅक २००३ मध्ये ह्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकला, २००४ मध्ये वरच्या कोर्टात हरला, नियम राहिला.

जानेवारीच्या शेवटाकडे अलाबामातल्या मोबील शहरात सीनियर बोल, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची मॅच, होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला कम्बाइन. कम्बाइनमध्ये उंची-वजन, हाताचा पंजा, ४० यार्डांची धाव, २२५ पाउंडचा बेंच प्रेस, उंच उडी, जागेवरून लांब उडी, डॉक्टरांची तपासणी, टीम्सच्या मुलाखती. ४० यार्डांचा रेकॉर्ड ४.२१ सेकंद, झेवियर वर्दीने २०२४ मध्ये केला. बघायला मजा येते पण ह्या आकड्यांवर फार जाऊ नका. ह्याच २०२३ मध्ये स्ट्राउडचा एका आकलन चाचणीतला कमी स्कोअर ड्राफ्टआधी बाहेर फुटला आणि कितीतरी लोकांनी त्याला तेवढ्यावरून खाली ढकललं. तो पोरगा पहिल्याच सीझनमध्ये ४१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले बॉल) करून ऑफेन्सचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांतला सर्वोत्तम, झाला. डिफेन्सचा कोण? अँडरसन. दोन्ही बक्षिसं एकाच टीमच्या एकाच रात्रीच्या दोन पिक्सना.

मॉक ड्राफ्ट म्हणजे कोण कुठे जाईल ह्याचे अंदाज, ते रोज नवीन येतात. एखाद-दोन वाचा, तेही आपल्या टीमला कुठल्या पोझिशनची गरज आहे ते कळण्यापुरते. विल लेव्हिस अनेक मॉक्समध्ये पहिल्या दहात होता, पहिली रात्र अख्खी संपली तरी त्याचं नाव आलं नाही. पोझिशनचं एवढं लक्षात असू द्या की पहिल्या राउंडमध्ये क्वार्टरबॅक, त्याला वाचवणारे टॅकल, त्याच्यावर धावून जाणारे पास रशर, रिसीव्हर आणि रिसीव्हरला अडवणारे कॉर्नरबॅक ह्यांना भाव जास्त.

तीन दिवस, आणि घड्याळ

गुरुवारी पहिला राउंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी चार ते सात. ह्युस्टनच्या वेळेनुसार गुरुवारी संध्याकाळी ७, शुक्रवारी ६, शनिवारी सकाळी ११. पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यांनो, पहिला राउंड तुमच्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरा दिवस शनिवारी पहाटे साडेचारला, आणि शेवटचा शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे शेवटचा दिवस तुम्हाला सगळ्यात सोयीचा आहे. जागा दरवर्षी बदलते, २०२३ ला कॅन्सस सिटी, २०२४ ला डेट्रॉइट, २०२५ ला ग्रीन बे.

प्रत्येक टीमला ठरावीक वेळ मिळतो, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला १० मिनिटं, दुसऱ्याला ७, पुढे ५ आणि सातव्याला ४. वेळ संपली तर पिक जात नाही, पण मागचा माणूस पुढे घुसू शकतो. २००३ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचं हेच झालं, ७ नंबरवर ट्रेडच्या बोलण्यात वेळ गेली, जॅक्सनव्हिल आणि कॅरोलायना दोघंही पुढे घुसले, व्हायकिंग्सना ९ व्या जागी पिक करावा लागला. त्यांनी तरी केविन विल्यम्स घेतला आणि तो जबरदस्त निघाला.

बघताना दोन गोष्टी. कमिशनर रॉजर गुडेल स्टेजवर आले की लोक हूऽऽ करून ओरडतात, ती परंपरा आहे, घाबरू नका. आणि सोशल मीडियावर पिक टीव्हीच्या आधी फुटतो, त्यामुळे मजा हवी असेल तर फोन लांब ठेवा, मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा म्यूट करा.

दुसरा आणि तिसरा दिवस सोडू नका

पहिली रात्र बघून बहुतेक लोक झोपतात. मला वाटतं टीमचं खरं कौशल्य पुढच्या दोन दिवसांत दिसतं. टेक्सन्सनी ६२ वर सेंटर (क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देणारा) जूस स्क्रग्स घेतला, आणि ६९ वर टँक डेल नावाचा रिसीव्हर, ५ फूट ८ इंच, १६५ पाउंड, ह्या खेळात अगदीच किरकोळ अंगाचा, युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टनचाच. त्याला घ्या असं स्ट्राउडनेच टीमला सुचवलं होतं. नोव्हेंबरमध्ये टँपा बेविरुद्ध स्ट्राउडने एका मॅचमध्ये ४७० यार्ड फेकले, रुकीसाठी रेकॉर्ड, आणि फक्त ६ सेकंद उरले असताना जिंकून देणारा टचडाउन पकडला तो ह्याच डेलने. एनआरजी स्टेडियम तेव्हा अक्षरशः हललं.

स्क्रग्स सीझनच्या आधी जखमी झाला तर पहिल्या मॅचला सेंटर म्हणून कोण उभा राहिला? सहाव्या राउंडचा, २०१ नंबरचा जॅरेट पॅटरसन. टॉम ब्रेडी १९९ वर, ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वर म्हणजे अगदी शेवटचा, ही नावं तुम्हाला सगळे सांगतीलच, पण पॅटरसनसारख्या पोरांमुळे टीम उभी राहते आणि त्यांच्यासाठीच शनिवारी बसायचं.

पैसे का महत्त्वाचे

२०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी पक्के. पुढच्याच वर्षी नियम बदलले, २०११ चा पहिला नंबर कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. तेव्हापासून रुकीचा पगार नंबरवर ठरतो, करार चार वर्षांचा, आणि पहिल्या राउंडवाल्यांना टीम पाचवं वर्ष जोडू शकते. स्ट्राउडचे चार वर्षांचे साधारण ३ कोटी ६० लाख, म्हणजे वर्षाला ९० लाख. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या जो बरोचा नवीन करार झाला वर्षाला साडेपाच कोटींचा. २०२३ ला एका टीमची एकूण पगाराची मर्यादा २२ कोटी ४८ लाख होती. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक रुकी करारावर असला की उरलेल्या टीमवर खर्चायला केवढा पैसा राहतो बघा, म्हणून तर क्वार्टरबॅकसाठी टीम्स पुढचे पिक वाऱ्यावर सोडतात.

ड्राफ्ट संपल्यावर

शनिवारी शेवटचं नाव वाचलं की लगेच फोन सुरू होतात, न निवडलेल्या पोरांना टीम्स करार देतात आणि इथे पोराला स्वतः टीम निवडता येते. कर्ट वॉर्नर, टोनी रोमो असेच आले. त्यांची नावंही तुमच्या कागदावर खाली लिहा. रविवारी-सोमवारी सगळीकडे ए, बी, सी अशा ग्रेड छापून येतील, त्या वाचू नका, २०२३ मध्ये अँडरसनसाठी फार मोजलं म्हणून टेक्सन्सलाही बरंच सुनावलं होतं. दोन-तीन सीझन जाऊ द्या.

मे महिन्यात रुकी मिनीकॅम्प, जुलैच्या शेवटी ट्रेनिंग कॅम्प, तेव्हा टीममध्ये ९० जण असतात, ऑगस्टच्या अखेरीला ५३ ठेवायचे, अजून १६-१७ प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये. ऑगस्टच्या प्रीसीझन मॅचेसची तिकिटं स्वस्त असतात, एखादी तरी जाऊन बघा, आणि दुसऱ्या हाफला उठू नका, कारण स्टार तेव्हा बसलेले असतात आणि शनिवारी निवडलेली पोरं तेव्हाच उतरतात. कागद सोबत न्या, नंबर जुळवा, आणि कट लागले की कोण राहिलं त्यापुढे खूण करा.